वहीतली शून्यं

ही गोष्ट २००४ सालच्या नोव्हेंबरातली. शनिवारी सकाळी सातलाच अक्काचा फोन खणखणला.

"अक्का, ताबडतोब ये. माझ्या टाकीचा घात झालाय. आणि करणारी घरातच आहे."

फोनवर धाकटा भाऊ होता. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही सगळे त्याला चीफच म्हणत. अक्काने सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत केली होती. तिने अर्धा चहा तसाच टाकला, नवी निळी शाल गुंडाळली आणि बस गाठली.

दार चीफनेच उघडलं. "ये. ही राखाडी शाल कधी घेतलीस?"

"शालीचं राहू दे. टाकी दाखव."

दिवाणखान्यात पाच फुटी टाकी होती. खारं पाणी, जिवंत प्रवाळ, चार मासे. बायको गेल्यावर चीफने त्यातच जीव रमवला होता. आता प्रवाळांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलं होतं. दोन प्रवाळं पांढरीफटक पडली होती.

"सुनेचं काम आहे," चीफ दबक्या आवाजात म्हणाला. "नातीचं उरलेलं दूध ओतते. दुपारी तिला टाकीत हात घालताना मी पाहिलंय."

"ओतताना पाहिलंस?"

"हात पाहिला. पुरे नाही का?"

आत कपाटांची दारं आपटत होती. चीफचा मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "आत्या, उद्या दहाला आम्ही भाड्याचं घर बघायला जातोय. बाबांनी शेजाऱ्यांसमोर हिला दोषी ठरवलं. आता इथे राहणं नाही."

अक्काला बसवेना. चोवीस तासांत घर फुटणार होतं. ती स्वयंपाकघरात गेली.

"दुपारी टाकीत हात घालतेस?"

"घालते," सून भांडं घासत म्हणाली. "जुन्या ब्रशने शेवाळ खरवडते. निदान एक प्रवाळ तरी वाचावं म्हणून."

"मग सांगत का नाहीस?"

"कोणाला सांगू? त्यांच्या मते माझ्या हाताला विष आहे."

"आणि दूध?"

"आत्या, ती थेंबभर दूध उरू देत नाही. तुमच्याच घराण्याची आहे."

अक्काला हसू आलं, पण पाय थांबले नाहीत. ती पुन्हा टाकीपाशी आली.

"दिवे किती तास?"

"बारा. पूर्वी आठ होते. हल्लीच्या दिव्यांच्या नळ्यांत दम नाही, सगळं मंद दिसतं. तीनदा बदलल्या. दुकानदाराशी भांडलोसुद्धा."

अक्काने डोळे किलकिले केले. निळा झगझगीत उजेड तिला सोसवत नव्हता.

"खाणं?"

"गोठवलेली कोळंबी. आधी एकदा घालायचो, आता दोनदा. पाणी शुद्ध आहे, मग खाऊ देत की बिचारे." त्याने वही पुढे केली. "हे बघ. दर रविवारी फॉस्फेट तपासतो. सहा महिने शून्य. यंत्राच्या माणसाची वही आहे ही, अक्का. ती खोटं बोलत नाही."

अक्का पानं उलटत राहिली. शून्य, शून्य, शून्य. तिला चैन पडेना.

"आत्ता माझ्यासमोर तपास."

चीफने सराईतपणे बाटलीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब मोजून टाकले, बाटली हलवली, दहा मिनिटं थांबला. मग ती उजेडात धरली.

"शून्य. निव्वळ पाणी."

 अक्काने मुलाला आणि सुनेला बोलावलं. "बाटलीतलं पाणी कसं दिसतंय?"

"निळं," दोघं एकदम म्हणाली.

चीफने बाटली नाकापाशी नेली. "काहीतरीच. कुठंय निळं?"

"बस खाली," अक्का म्हणाली. "शेवाळाला खत, म्हणजे फॉस्फेट, लागतं आणि उजेड लागतो. ते दुधातून येवो की आणखी कशातून, सहा महिन्यांत एकदा तरी तुझ्या चाचणीत उतरायला हवं होतं. तुझी वही तर रोज नवं शेवाळ येत असताना शून्य सांगत होती. तेव्हाच मला तपासणीचा संशय आला. या चाचणीत फॉस्फेट असलं की पाणी निळं होतं. तुला निळं दिसतच नाही. सकाळी माझी शाल राखाडी म्हणालास. निळ्या नळ्या मंद वाटल्या म्हणून चार तास उजेड वाढवलास. शून्य दिसलं म्हणून खाणं दुप्पट केलंस, त्याचंच खत झालं. वही खोटं बोलली नाही, चीफ. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, त्यात निळा रंग गाळला जातो. टाकी तूच बुडवलीस."

चीफने बाटली पुन्हा उजेडात धरून पाहिली.

"मी?" चीफ म्हणाला.

"तूच. आणि ती मात्र एकटी वाचवायला धडपडत होती."

भाड्याचं घर बघायला कोणी गेलं नाही. पंधरवड्यात चीफच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. पट्टी निघाली तेव्हा नळ्यांचा उजेड बघून त्याने हाताने डोळे झाकले. दिवे सात तासांवर आले, खाणं एका वेळेवर, दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. चार महिने सून आणि तो बाह्या वर करून शेवाळ उपटत बसायचे. दोन प्रवाळं गेलीच, बाकीची तगली.

चीफ पुढे नऊ वर्षं जगला. टाकी सुनेकडे आली. आता तिच्या तीन आहेत. मुलाची बदली झाली, तेव्हा सून-नात ती जुनी टाकी घेऊनच गेल्या. नात समुद्री जीवशास्त्र शिकतेय.

सुनेची माफी मात्र चीफने कधी मागितली नाही. त्या दिवशी तो मान खाली घालून बसला होता आणि अक्काला त्याची दया आली, म्हणून 'सुनेची माफी माग' असं तिने म्हटलं नाही. आज ऐंशी ओलांडल्यावरही तिला तेवढीच रुखरुख लागून राहिली आहे.