कबनूरच्या शेडमधली चाल

लाईट यायला अजून अर्धा तास आहे म्हणता, तर सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा माणूस नाही. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं नाव संघर्ष उगाच ठेवलेलं नाही. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आणि कपाटभर पुस्तकं, भुताखेतांना थाराच नाही. त्यात माझा धंदाच मढ्यांचा. वेब सिरीजमध्ये झोम्बी लागतात ना, त्यांना चालायला मी शिकवतो.

हसू नका. रक्त काय, कुणीही लावतं. माझी बायको रूपाली बिटाचा रस आणि मध घेऊन तासाभरात तीस मढी उभी करते. झोम्बीचं खरं सगळं चालीत असतं. ओस पडलेली शहरं, उलट्या झालेल्या गाड्या आणि रस्ताभर चालत निघालेली मेलेली माणसं, असले परदेशी सिनेमे मी शाळेपासून बघत आलोय. ही फौज कोल्हापुरात शिरली तर कुणीतरी ‘पावणं, कुठलं गाव?’ विचारून तिला कटवड्याच्या गाडीवर नेऊन बसवेल, ही माझी नेहमीची थट्टा. आणि शिकवताना मी एवढंच सांगायचो, की ऐकू नका, बघू नका, काही ठरवू नका. पायांना जायचं तिकडं जाऊ द्या.

त्या दिवशी आण्णांना मोटारसायकलवर मागं बसवून कबनूरला नेलं, ते निव्वळ एक माणूस कमी पडत होता म्हणून. आण्णा बहात्तर वर्षांचे. हृदयाला स्टेंट आहे आणि यंत्रमागाच्या आवाजानं कान अर्धे गेलेले. ऋतुराज नावाच्या आमच्या दिग्दर्शकानं शूटिंगला जी बंद पडलेली यंत्रमागाची शेड घेतली होती, तिच्यातच त्यांचं आयुष्य गेलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला जुनी जागा बघून बरं वाटेल. वाटेत ते माझा शर्ट घट्ट धरून बसले होते.

शेडमधले माग सहा वर्षांपूर्वीच भंगारात गेलेले. उरली होती तेलकट काळी फरशी, तिच्यात बोल्टची भोकं, आणि तेलाचा, खळीचा जुना वास. वरच्या धुळकट काचांतून सकाळचं ऊन यायचं, पण खाली पोचेपर्यंत त्याचा उजेड विटलेला असायचा. कामाला आलेल्यांत निम्म्याहून जास्त कबनूरचे जुने मागवालेच होते. एकमेकांची रंगवलेली तोंडं बघून त्यांची चेष्टा चालली होती.

सातच्या सुमाराला पहिला शॉट लागला. माणसं चालायला लागली, आणि खरं सांगतो, मला आनंदानं काटा आला. इतकी मेलेली चाल मी कधी बघितली नव्हती. मग ऋतुराजनं मला वर लावलेल्या कॅमेऱ्यापाशी बोलावलं. वरून दिसत होतं ते असं... सगळे सरळ, अरुंद बोळांतून चालत होते. चार पावलं, वळण, चार पावलं. नजर खाली, हात कमरेशी. बोळांच्या मधे जे रिकामे चौकोन होते, त्यांत कुणाचाही पाय पडत नव्हता. माग जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ही माणसं अजून त्यांना वळसा घालत होती.

ऋतुराजनं कट म्हटलं. सगळे थांबले, चहा मागायला लागले. आण्णा थांबले नाहीत.

ऐकू आलं नसेल म्हणून मी समोर जाऊन हात हलवला. ते माझ्या अंगावरून पलीकडं बघत होते. चार पावलं, वळण. दोघांनी दंड धरले, तर दोघंही सोबत ओढले गेले. ते झटापट करत नव्हते, फक्त पाय चालू होते. असा पाऊण तास गेला. घामानं रंग ओघळला आणि खालचा चेहरा रंगापेक्षाही पांढरा दिसायला लागला. छातीचा भाता झाला होता. रूपाली माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “असंच चाललं तर जातील हो ते...” मला तेव्हा पहिल्यांदा घाबरायला झालं.

आण्णांच्या बरोबरीचे सयाजीमामा तोंडावरचं रक्त पुसत जवळ आले. त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आण्णा ज्या बोळात चालत होते तिथे कृष्णात नावाच्या माणसाचे चार माग होते. तो रात्रभर चालवायचा, सकाळी सातला आण्णा येऊन घ्यायचे. मागाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून पुढच्यानं येऊन मागून खांद्यावर हात ठेवायचा, आणि तो हात पडेपर्यंत आधीच्यानं माग सोडायचे नाहीत, असा रिवाज. याला ‘सुट्टी करणं’ म्हणायचे. एका सकाळी कृष्णात तापानं फणफणला होता. आण्णा सातला आले नाहीत, नऊला आले. त्या पहाटे मी जन्मलो होतो. नऊ वाजता कृष्णात मागाशेजारी मरून पडलेला होता. त्यानंतर आण्णांनी ते चार माग कधी घेतले नाहीत, मालकाकडून दुसऱ्या टोकाचे मागून घेतले.

“कृष्णाताची सुट्टी झालीच नव्हती,” सयाजीमामा म्हणाले. “आज तुझ्या बापानं केली बघ.”

“मग आण्णांची कोण करणार?”

“खांद्यावर हात ठेवंल त्यो. पर त्येला मग...”

मी मनात हसलो. जुनी सवय अंगात भिनलेली, मीच तिला मोकळं सोडलं, आता मीच आवरतो. माणसाला चालवणं माझा धंदा आहे, थांबवता येणार नाही होय? मी आण्णांच्या मागं गेलो आणि उजव्या खांद्यावर हात ठेवला. ते जागीच थांबले. मागं न बघता मान हलवली, तळहात लेंग्याला पुसले, आणि सरळ दाराशी जाऊन रूपालीकडं चहा मागितला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र टाळ्या नीट ऐकू आल्या नाहीत. कानात खटाक्-खटाक् सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजले की माझे पाय सुटायला लागले. घरामागच्या परसात चार पावलं, वळण, चार पावलं. कधी अर्धा तास, कधी दोन तास. शेजारी म्हणायचे, संघर्षनं व्यायाम चांगला धरलाय. सिनेमातलं मढं चावून आपलं दुखणं पुढच्याला देतं. इथं नुसता हात पुरतो. म्हणून घरात सांगून टाकलं, मला मागून कुणी शिवायचं नाही. मी त्रेचाळीसचा, धडधाकट. आण्णा मोकळे झाले होते, आणि हे माझ्यापाशीच संपवायचं मी ठरवलं होतं. त्या ठरवण्याचा मला अभिमान वाटत होता, आजही वाटतो.

असे बावीस दिवस काढले. तेविसाव्या दिवशी पाय सुटले तेवढं आठवतं, पुढचं नाही. परसातल्या बाजेवर जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते. कान शांत, पाय शांत. बनियनच्या उजव्या खांद्यावर सुताचे पांढरे तंतू चिकटलेले होते. आमच्या घरात सूत नाही. समोर आण्णा चालत होते.

“आण्णा, कशाला...” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“एकदा उशीर झालता,” ते चालता चालता म्हणाले. “पुन्यांदा न्हाय हुयाचा.”

याला आता पाच दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, हृदय आठवडाभर तरी काढेल. आण्णा परसाच्या भिंतीला पाठ घासत चालतात, झोपतात तेही पाठ भिंतीला टेकून, जेवतानाही भिंत सोडत नाहीत. मला मागं जायला जागाच ठेवत नाहीत. पण मीही त्यांचाच मुलगा आहे. कधीतरी त्यांचा डोळा लागेल, भिंत सुटेल, आणि मी हात ठेवेन. मला त्याची खात्री आहे.

एकाच गोष्टीचा उलगडा होत नाही. परसात ते एकटेच असतात. पण चालताना मधेच भिंतीला चिकटून अंग चोरतात, अरुंद बोळात समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. पहिल्या दिवशी एकदाच चोरलं होतं. आज सकाळी त्यांना सहा वेळा वाट द्यावी लागली.