नेलपॉलिशची रेघ

"पापलेट आहेत... लहान?"

गंधालीने मान वर केली. समोर इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि चष्म्याच्या काचेवर माशाच्या पाण्याचा एक थेंब. मघाशी तिनेच कोयता आपटला, तेव्हा उडालेला.

"लहान कशाला?"

"आईने सांगितलंय. प्रत्येकाच्या ताटात एक अख्खं मावलं पाहिजे."

"मग ताट मोठं घ्या."

वर्सोव्याच्या बाजारात शेजारी बसलेल्या कोळणी खळखळून हसल्या. तो लाजला, पण हलला नाही.

गंधालीने मासे कापायची फळी त्याच्याकडे वळवली. फळीवर आडवी लाल रेघ होती. तिच्या नखांवर होतं तेच नेलपॉलिश.

"हे बघ. शेपटी फळीच्या कडेला लावायची. नाक रेघेच्या पुढे गेलं, तर मासा मोठा झाला. अलीकडे राहिलं, तर तो अजून पिल्लू. त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. तो आजच खाल्ला, तर पुढच्या वर्षी जाळ्यात कोण येणार? तुझी आई?"

"पण बाजूला तर लहान मिळतायत."

"मिळतात ना. जा की बाजूला."

तो गेला नाही. रेघेपुढचं एक मोठं पापलेट त्याने घेतलं.

"आईला काय सांगू?"

"सांग, गंधालीने दिलं नाही."

"गंधाली..." त्याने नाव हळूच म्हणून पाहिलं. "मी श्रेयस. कांदिवलीहून येतो."

"एवढ्या लांबून? तिकडे मासे संपले?"

"मासे आहेत," तो चष्मा पुसत म्हणाला, "रेघ नाही."

पुढच्या रविवारी तो आला. त्याच्या पुढच्याही. मग एकदा बुधवारीच उगवला.

"आज ऑफिस नाही?"

"सर्दी झालीय. सुट्टी घेतली."

"बरं केलंस. मासळीबाजारात सर्दी झालेल्याचीच मजा असते."

तो हसता हसता शिंकला. तिने आल्याचा चहा मागवला. दोघं धक्क्यावर जाऊन बसले. तिच्या बाबांची होडी नुकतीच लागली होती, आणि ते पेटीतला बर्फ फावड्याने समुद्रात लोटत होते.

"बर्फ का टाकतायत?"

"मासळीवर घालायला नेला होता. मासळीच नाही मिळाली." ती पाण्याकडे बघत होती. "मोठ्या बोटी बारीक विणीची जाळी ओढतात. तळापासून सगळं खरवडून नेतात, पिल्लंसुद्धा. बाबांसाठी मागे काय राहणार? परवा एका हॉटेलवाल्याला रोज लहान पापलेट हवी होती. मी नाही म्हटलं. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

"एकट्या तुझ्या रेघेने समुद्र वाचेल?"

"नाही वाचणार. म्हणून काय पुसून टाकू?"

श्रेयसने चहाचा रिकामा ग्लास हातात फिरवला. मग म्हणाला, "आणि मी? मी रेघेत बसतो का?"

"तुझं नाक पुढेच आहे. सगळ्यात खुपसतोस." ती उठली. चार पावलं गेल्यावर, मागे न बघता म्हणाली, "बसतोस."

माघ सुरू झाला तेव्हा श्रेयसने तिला घरी जेवायला बोलावलं. रिक्षात तो सारखा रुमालाला हात पुसत होता.

"आई लग्नाला हो म्हणाली की झालं. फक्त एक कर ना... आज ती रेघबिघ नको. प्लीज."

गंधाली रिक्षाबाहेर बघू लागली.

घरात नारळाचा, कोथिंबिरीचा वास दरवळत होता. श्रेयसची आई, वसुधाताई, हौसेने वाढत होत्या. वडिलांनी, अण्णांनी, तर जेवायला सुरुवातही केली होती. गंधालीच्या ताटात हिरव्या चटणीने भरलेलं एक अख्खं पापलेट आलं. इवलंसं. मोजायला फळीची गरजच नव्हती.

"काकू, मला वरणभात वाढा. हे मी नाही खाणार."

"का गं? तिखट वाटलं?"

"नाही. लहान आहे."

वसुधाताईंचा हात पळीवरच थांबला. "चार ठिकाणी फिरून मिळवली मी ही, तू येणार म्हणून. आमच्याकडे पाहुण्याला अख्खंच वाढतात. आता तू मला मासे शिकवणार?"

श्रेयसने तिच्याकडे पाहिलं. रिक्षातलं बोलणं तिलाही आठवलं. एक घास गिळला असता, तर सगळं सोपं होतं...

"हो काकू, शिकवणार," गंधाली म्हणाली. "पिल्लं विकली जातात म्हणून ती धरतात. आणि ती विकली जातात, कारण आपल्याला ताटात अख्खी लागतात. माझे बाबा रिकामी होडी घेऊन येतात. तुम्ही मला नाही म्हटलंत तरी चालेल... म्हणजे, नाही चालणार. खूप रडेन मी. पण हे नाही खाणार."

श्रेयसने आपल्या ताटातलं पापलेट उचललं आणि परत भांड्यात ठेवलं.

"तूसुद्धा?" वसुधाताई म्हणाल्या.

"आई, मला ही आवडते. रेघेसकट आवडते. येताना मी हिला म्हटलं होतं, रेघेचा विषय काढू नकोस. चुकलं माझं."

"माझं निम्मं खाऊन झालंय," अण्णा घाबरून म्हणाले. "मी काय करू?"

कोणी हसलं नाही. वसुधाताई आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. गंधालीने वरणभात संपवला, ताट धुऊन ठेवलं आणि ती निघाली.

रविवार आला. अकरा वाजले, साडेअकरा झाले. ओळखीची कापडी पिशवी दिसली नाही. "फळीकडे बघून काप गं," तिची आई, राधा, म्हणाली. "बोट कापशील."

तेवढ्यात फळीसमोर एक भलंमोठं पितळी ताट येऊन आदळलं.

"लग्नात आलं होतं माझ्या," वसुधाताई धापा टाकत म्हणाल्या. "तीस वर्षं माळ्यावर पडून होतं. चिंच लावून घासलं काल. आता दे, यात मावेल असं."

गंधालीने टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट फळीवर ठेवलं. शेपटी कडेला लावली. नाक रेघेपुढे दोन बोटं गेलं. वसुधाताईंनी वाकून, चष्मा सावरून खात्री करून घेतली.

"चार तुकडे कर."

"काकू... घरात तिघंच ना तुम्ही?"

"चार म्हटलं ना मी!"

त्यांच्या मागे श्रेयस पिशवी पोटाशी धरून उभा होता. गंधालीने कोयता उचलला आणि मुद्दाम जरा जोरात आपटला.

थेंब बरोबर चष्म्यावर उडाला. त्याने तो पुसला नाही.