विसाव्या फितीतले हसू

“व्हर्ना, माझी लोरीन चोरीला गेली.”

दारात उभ्या लेमार टिब्स यांच्या पत्नीला, लोरीनला, देवाघरी जाऊन अकरा वर्षे लोटली होती. व्हर्नाचा सोबती होमर याच्या हातातला कॉफीचा पेला ओठांशीच थबकला. व्हर्ना प्रुएट मात्र टोपी घेऊन उठली. एके काळी शेरीफच्या पोलीस पथकात राबलेली ही खासगी शोधक आपले प्रश्न वाटेतच विचारीत असे.

नॅशव्हिलच्या संगीत कंपन्यांच्या धनिकांपुढे गायक लेमार यांनी कधी मान तुकवली नव्हती. त्यांच्या चाळीस वर्षांतील वीस निवडक गाण्यांचा संग्रह आता निघायचा होता, नाव ‘कुंपणाबाहेर’. विसाव्या गाण्यात लोरीनचा स्वर होता. त्याची एकुलती एक मूळ फीत आज दुपारच्या भोजनसमयी त्यांच्या घरामागच्या ध्वनिमुद्रणाच्या कोठारातून नाहीशी झाली होती, आणि पाच वाजता फिती न्यायला संग्रह काढणाऱ्या कंपनीची गाडी यायची होती.

“माझा गळा गेलाय, व्हर्ना. ते गाणं पुन्हा होणे नाही. आणि तिच्याशिवाय संग्रह नको मला.”

कोठारात कंपनीचा तरुण तंत्रज्ञ ट्रेव्हर घाम पुसत उभा होता.

“काल वीसच्या वीस फिती मी स्वतः मागे गुंडाळल्या, बाई. प्रत्येकीची पांढरी पट्टी वर.”

“पांढरी म्हणजे?” होमरने विचारले.

“गाण्याची सुरुवात. शेवटाला लाल असते. जेवण झालं की विसावी कापायला घेणार होतो. शेवटी लोरीनबाई हसतात ना, तेवढं ब्लेडनं उडवायचं.”

“उडवायचं?” लेमारची कन्या मार्वा कडाडली. “माझी आई म्हणजे काय ब्रिस्केटच्या मांसावरची चरबी?”

“म्हणून तूच फीत पळवलीस?” होमरने डोळे बारीक केले.

“होमरकाका, त्या यंत्राचं बटण कुठलं तेही मला ठाऊक नाही.”

“खरंय,” लेमार म्हणाले. “आणि जेवणभर ती माझ्याच पानात वाढत होती.”

लेमारचे प्रत्येक गाणे ज्याने मुद्रित केले तो वृद्ध क्लीटस यंत्र पुसत होता. तो गुरगुरला, “या पोरानं माझ्या फितींचं वाटोळं केलं. गाणं वाजलं की फीत तशीच ठेवायची, शेवट वर. मागे गुंडाळायची ती पुढच्या खेपेला. तशीच टिकते ती. चाळीस वर्षं माझा हात तेच करतोय.”

“आजोबा, आता तसं कोण करतं?” ट्रेव्हर हसला.

“जेवताना कुठं होतात, क्लीटस?” व्हर्नाने विचारले.

“इथंच. दात नाहीत, मांस काय नुसतं हुंगू?”

होमर कुजबुजला, “हा ट्रेव्हरच! चोराच्या मनात चांदणं.”

कोपऱ्यात टाकाऊ फितींच्या खोक्यांची चळत होती. व्हर्ना एकेक खोके शांतपणे उघडू लागली. सातव्यातल्या चक्रीवर लेमारच्या अक्षरात लोरीनचे नाव होते. तिने चक्री सर्वांसमोर धरली. वरची पट्टी लाल होती.

“काल वर पांढरी होती,” ती म्हणाली. “म्हणजे लपवण्याआधी चोरानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मार्वा इथं नव्हती, आणि तिला यंत्रही चालवता येत नाही. ट्रेव्हरनं ऐकलं असतं, तर सवयीनं मागे गुंडाळलं असतं. ऐकून झाल्यावर फीत तशीच उचलणारा हात या घरात एकच आहे.”

क्लीटसच्या हातातले फडके गळून पडले.

“लेमार, तिचं हसू ब्लेडखाली जाणार होतं रे. म्हटलं, गाडी रिकामी जाऊ दे. एकदा ऐकून घेतलं, बस.”

“अरे गाढवा, मला सांगायचंस की!” लेमारचे डोळे भरून आले, तरी स्वर ताठ होता. “माझ्या खुर्चीचा पाय मोडला, म्हणून हसली होती ती. ट्रेव्हर, हसू राहील. नाहीतर माझी एकही फीत गाडीत चढणार नाही.”

“पण वरचे लोक...”

“आधी ऐक.”

क्लीटसने फीत मागे नेली आणि यंत्र सुरू केले. दोन स्वर एकमेकांत मिसळत गेले. अखेरीस काहीतरी धाडकन आदळले, आणि लोरीन मनमोकळी हसली.

अंगणात गाडी येऊन थांबली. ट्रेव्हरचा हात सवयीने फीत मागे गुंडाळण्याच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्याने चक्री तशीच उचलली व खोक्यात ठेवली, लाल पट्टी वर करून.