भुकेचं विरजण

पन्हाळ्याच्या उतारावरच्या ‘उभारी’ उपचार केंद्रात दुपारची पंगत बसली आणि सतरा वर्षांच्या मृण्मयीला चक्क भूक लागली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण कसला आनंद! मनगटावरच्या पट्ट्याकडे बघून तिचा चेहरा पडला.

“डॉक्टर, ही भूक माझी नाहीच. बाबरकाकांची आहे.”

हा पट्टा म्हणजे भूकवाहक. तो बनवणारे अभियंता रणजित बाबर पक्के कोल्हापूरचे. ते पानावर बसले की आचाऱ्याला धडकी भरे. मृण्मयीला जडलेल्या, जेवणाशी वैर धरायला लावणाऱ्या आजारात मुलांना स्वतःच्या पोटाची हाकच ऐकू येईनाशी होते. म्हणून बाबर स्वतःच्या मनगटावरच्या जोडपट्ट्यातून आपली भूक त्यांना धाडत.

“विरजणच म्हणा की,” त्यांनी डॉक्टर नेरूरकरबाईंना समजावलं होतं. “शेजारणीकडनं चमचाभर आणायचं, पुढं दही आपलं आपण लागतंय. भूक पाण्यासारखी. जास्त असेल तिथनं कमी असेल तिकडं वाहणार.”

“आणि दही लागलं की नाही, ते कसं कळायचं?”

“ते मात्र अजून ठाऊक नाही, मॅडम.”

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं. स्वतःची भूक परतल्याशिवाय कुणाला घरी सोडायचं नाही, हा बाईंचा नियम. रविवारी तर मृण्मयीच्या ताईचं लग्न!

“आज एकादशी, बाबरांचा उपास,” बाई हळहळल्या. “उपाशी पैलवानाची भूक आलीय तुझ्याकडे. आजची भूक काही हिशेबात धरता येणार नाही गं.”

मृण्मयीचे डोळे भरून आले. पण भूक कुणाचीही असो, समोर गरम भाकरी-पिठलं होतं. ती जेवायला लागली. वर आणखी पिठलंही मागून घेतलं.

तेवढ्यात बाबर धापा टाकत आत आले. “मॅडम, पट्टा बिघडला! सकाळधरनं खिचडी, रताळ्याचा कीस, वर शेंगदाण्याचे लाडू झाले. गळ्याशी आलंय. तरी आत्ता पोटात कावळे ओरडायला लागले!”

“अहो, तुमचा उपास ना?”

“एकादशी अन् दुप्पट खाशी, मॅडम! आमच्यात उपास असाच असतोय.”

बाई हसता हसता एकदम थांबल्या. “बाबर, भूक कुठून कुठे वाहते म्हणालात?”

“जास्तीकडनं कमीकडं...” बाबरांचं तोंड उघडंच राहिलं. दोघांनी मृण्मयीकडे पाहिलं.

ती पिठल्याचं बोट चाटत होती. तिला कळायला एक क्षण लागला. मग ती अशी खळखळून हसली, की सगळी पंगत वळून बघायला लागली.

“काका,” पट्टा सोडत ती म्हणाली, “माझी भूक परत द्या. मला ती ताईच्या लग्नाला न्यायचीय.”