पक्का खांब

"घ्या मॅडम… नमुना."

गोदामाच्या दारात मी पाय ठेवते न ठेवते, तोच एका तरुणानं माझ्या हातावर मूठभर तांदूळ ठेवले. वर भोंगा जिवाच्या आकांतानं वाजत होता आणि खाली हमाल निवांत पोती वाहत होते. त्यांतला एक तर शिडीवर चढून भोंग्यावर रिकामं पोतं टाकून आला. आवाज घोगरा झाला, थांबला नाही.

"कसला नमुना?" मी ओरडून विचारलं.

"तुमी तांदूळ तपासाले आल्या ना जी?"

"मी हा भोंगा तपासायला आले."

त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे… आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मंग… वापस द्या," म्हणत त्यानं ओंजळ पुढे केली. मी तांदूळ ओतले. घामामुळे थोडे दाणे माझ्या तळव्याला चिकटूनच राहिले.

"काही राहिलेच," मी म्हटलं.

"राहू द्या. भोंग्याच्या डॉक्टरले आमच्याकडून."

हा अश्विन मेश्राम. तुमसरच्या त्या तांदळाच्या गोदामाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. मी रीना गजभिये, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आगीची सूचना देणारी यंत्रं बसवणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीत लागले. खरं तर या कामाला माझे सहकारी तुलाराम जायचे होते. पण त्यांच्या साळ्याचं लग्न निघालं. त्या साळ्याची मी आजही आभारी आहे.

गोदाम लांबलचक, साठ मीटर भरेल असं, आणि छत खूप उंच. अशा जागी छताला लावायच्या छोट्या गोल डब्या पुरत नाहीत. मग एका भिंतीवर पेटी बसवतात आणि समोरच्या भिंतीवर एक चकचकीत पाटी. पेटी न दिसणारा प्रकाश सोडते, पाटी तो परत पाठवते. मधे धूर आला की परतणारा प्रकाश मंदावत जातो आणि पेटी भोंगा वाजवते. इतकं साधं. पण ऊन तापायला लागल्यापासून ही पेटी रोज दुपारी, कुठेही धूर नसताना, आग आग म्हणून ओरडत होती.

"मॅडम, सरळ सांगतो," गोदामाचे मालक केशवराव म्हणाले. "आणखी एकदा हा खोटा बोंबलला, तर काढून भंगारात देतो. हमालांना आता सवय झाली. उद्या खरी आग लागली तरी कोणी उठायचं नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं आणि मी तसं सांगितलं. तेव्हा अश्विनचा चेहरा उतरलेला मला दिसला. नुसत्या नोकरीच्या काळजीनं उतरतो, त्यापेक्षा जास्त.

दाराशी खाटेवर त्याचे वडील बसले होते, भैय्यालालजी. गोदामाचे चौकीदार. माझ्या तळव्यावरचे दाणे पाहून त्यांनी दोन उचलले, नाकाशी नेले आणि डोळे मिटले.

"चिन्नोर! वास पाहा पोरी, कसा घमघमते."

मी हात नाकाशी नेला. चिन्नोर म्हणजे इकडचा सुवासिक तांदूळ, आणि हे तर साधे, बिनवासाचे होते. म्हातारा थट्टा करतोय असं समजून मी हसले. अश्विन मात्र हसला नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी एक सोपी गोष्ट केली. पेटीला लाल लेझरचा एक छोटा टॉर्च घट्ट बांधला. त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर पाटीच्या अगदी मधोमध पडला. मग अश्विन आणि मी तांदळाच्या थप्पीवर बसलो आणि ठिपक्याकडे पाहत राहिलो.

"कधीपर्यंत पाहाचं?"

"तो चालायला लागेपर्यंत."

"ठिपका चालते?"

"पाहा तर."

बाहेर ऊन मागच्या भिंतीवर आलं. ती भिंत नुसत्या टिनाची होती आणि पेटी तिच्यावरच बसवली होती. विजेचं बोर्ड तिथे होतं, म्हणून आधीच्या कोणीतरी सोय पाहिली होती. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो. गावातला तलाव, यंदाचा आंबा… आणि बोलता बोलता तो थांबला. ठिपका पाटीच्या कडेला गेला होता. मग तो पाटी सोडून भिंतीवर उतरला, एखादा किडा रांगावा तसा हळू.

"बाप्पा…" अश्विन पुटपुटला.

"टिन तापलं की फुगतं. पेटी केसाएवढी कलते. इथे केसाएवढी, पण तिथे पोहोचेपर्यंत हातभर. परतणारा प्रकाश हळूहळू कमी होतो, आणि पेटीला वाटतं धूर आला." मी जरा थांबले. "ती खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं दिसतं."

तो ठिपक्याकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता, आणि हसत होता.

"काहून हसून राहिले?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अरे! मॅडम, तुमी कुठल्या?"

"कोंढ्याची…"

"पवनीकडची! आन कालपासून पुस्तकासारख्या बोलून राहिल्या!"

आता कान लाल व्हायची पाळी माझी होती. वर भोंगा वाजला. हमालांनी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं, आणि त्या दिवशी आम्हीही.

*

पेटी किती उंचावर बसवायची, तेही पाहायचं होतं. तापलेल्या छताखाली गरम हवेचा थर साचतो आणि धूर त्याच्यावर जाऊ शकत नाही. तो थर कुठे आहे ते धूरच सांगतो. म्हणून पोती दूर सरकवून, वाळूच्या बादल्या जवळ ठेवून, मी एका डब्यात बारदान्याचा तुकडा पेटवला आणि विझवून धुमसत ठेवला. धूर सरळ वर गेला, आणि छताच्या बराच खाली थांबला. न दिसणाऱ्या काचेला टेकावा तसा आडवा पसरला. मी उंची मनात धरली.

"काय जळून राहिलं बे?" मागून एक हमाल खोकत ओरडला. दुसऱ्यानं नाकाला दुपट्टा लावला. धुराची एक पट्टी दाराकडे वळली होती. तिथे भैय्यालालजी आमच्याकडे पाठ करून चहा पीत बसले होते. धूर त्यांच्या खांद्यावरून, गालाजवळून गेला… ते बशीत चहा ओतत राहिले. तो डोळ्यांपुढे आला तेव्हाच दचकून उठले.

मी वळले. अश्विन मलाच पाहत होता. मला कळलं हे त्याला कळलं होतं.

मी त्याच्यामागे गोदामामागच्या कडुनिंबाखाली गेले.

"कोरोनाची बिमारी आलती ना… त्याच्यात वास गेला. सगळ्यायचा आला, बाबाचा आलाच नाही. लोकायले समजू नये म्हणून दाणे हुंगते, आन चिन्नोर म्हणते. एका जमान्यात डोळे बांधून सांगत होते, कोणता तांदूळ कोणत्या गावचा." तो पायानं माती उकरत होता. "रात्री इथं एकटेच राहते. मालकाले समजलं तर घरी बसवते. आन बाबा घरी बसले ना, तर मंग बसलेच. मीच मागं लागून हे यंत्र लावाले सांगितलं. म्हटलं, बाबाले नाक होईल… आता तेच खोटं निघालं."

मला सांत्वन करता येत नाही. मी म्हटलं, "खोटं नाही. त्याला उभं राहायला पक्की जागा दिली नाही कोणी."

त्यानं मान वर केली.

"तुमच्या बाबांचं मी कोणाला सांगणार नाही. पण त्यांनी स्वतः सांगायला हवं. आणि भोंगा त्यांच्या खाटेजवळ हवा. नाक नसलं तरी कान चांगले आहेत ना?"

"कान?" त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. "मी उशिरा घरी आलो तर चप्पल काढल्याचा आवाज ऐकते."

*

पेटी आणि पाटीच्या जागा आम्ही बदलल्या. पुढच्या बाजूला सिमेंटचा जाडजूड खांब होता. पेटी तिथे आली, धुरानं दाखवलेल्या उंचीवर. पाटी गेली टिनाच्या भिंतीवर.

"पण टिन तर हलतेच," अश्विन म्हणाला.

"हलू दे. पाहणारा पक्का हवा. परत देणारा थोडा हलला तरी चालतो."

"माणसाचं बी असंच असते का?"

"मी फक्त भौतिकशास्त्र शिकले आहे."

मी इकडे शिडीवर, तो साठ मीटर पलीकडे दुसऱ्या शिडीवर. एकाच खोलीत असून आम्ही फोनवर बोलत होतो.

"पाटी झाका," मी सांगितलं. त्यानं दुपट्टा टाकला. पेटीवरचा, परतलेल्या प्रकाशाचा आकडा शून्यावर आला. "ठीक. म्हणजे मला दिसतंय ते तुमच्याकडूनच येतंय."

"दुसऱ्या कोणाकडून येईल?"

"येतं कधी कधी. चकचकीत टिनावरून वगैरे. प्रकाश भलतीकडूनच परत येतो, आणि आपण समजून बसतो… म्हणून झाकून पाहायचं."

पलीकडून हळूच, "आता काढू का दुपट्टा?"

"काढा."

आकडा शंभरावर गेला. त्याच वेळी मी पेटीतून डोळे उचलले, आणि इतक्या लांबून त्याचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं, तरी मला तो दिसला.

"या रेषेत कधी थप्पी चढू देऊ नका," मी घसा साफ करत म्हटलं.

"एक पोतं येऊ देणार नाही. तुमची वाट आहे ते."

*

शेवटच्या दिवशी केशवराव मुद्दाम भर दुपारी आले. खुर्ची टाकून घड्याळ पाहत बसले. टिन कडकड वाजत होतं. हमालांनी काम थांबवलं होतं. भोंगा वाजणार की नाही यावर त्यांच्यात चहाची पैज लागली होती. अश्विन पाटीजवळच्या शिडीवर होता. मी पेटीजवळ, माझ्या शिडीवर, खांबाला टेकून. आकडा नव्वदच्या वर होता… ऊन भिंतीवरून सरकत गेलं. आकडा तिथेच राहिला.

"मानलं मॅडम," केशवराव उठले. "राहू द्या हे. पण खऱ्या धुराला ओरडेल ना?"

"तेच आता दाखवते."

मी फोन लावला. "अश्विन, पुठ्ठ्यानं पाटी पूर्ण झाका. एका झटक्यात."

त्यानं झाकली. भोंगा वाजला नाही. पेटीवर पिवळा दिवा लागला. केशवरावांना मी समजावलं, एकदम अंधार म्हणजे आडवं काहीतरी आलं. यंत्र त्याला आग म्हणत नाही, दोष म्हणतं. ते मान हलवत भैय्यालालजींकडे गेले. पुठ्ठा बाजूला झाला. फोन चालूच होता.

"रीना मॅडम… माझ्याशी लग्न करता का?"

मी पेटीकडे पाहिलं. पिवळा दिवा नुकताच विझला होता.

"असं एकदम झाकलं ना," मी जमेल तितक्या सरळ आवाजात म्हटलं, "तर दोष दाखवते."

"मंग?"

"हळूहळू झाकायचं. घाई न करता."

तो समजला. पुठ्ठा बोटभर सरकला.

"तुमी आल्या त्या दिवशी तुमच्या हाताले दाणे चिकटले होते… मले ते मोजू वाटले."

नव्वद. ऐंशी.

"तुमी बोलता कमी. पण ज्याच्याकडे पाहता, त्याले पुरं पाहता. बाबाले पाहिलं तुमी. कीव नाही केली… भोंगा त्यायच्या खाटेजवळ आणला."

पंचाहत्तर… सत्तर. मला आकडा धूसर दिसत होता. त्याला कारण पुठ्ठा नव्हता.

"आता तुमी नागपूरले जाल. उद्या दुपारी मी शिडीवर चढून कोणाले विचारू… आकडा किती आहे म्हणून?"

भोंगा वाजला.

खाटेजवळचा भोंगा, नवा, मोकळ्या गळ्याचा. भैय्यालालजी उडी मारून उठले. परीक्षा चालू आहे हे ते विसरूनच गेले असावेत. वाळूची बादली उचलून गरजले, "बाहेर व्हा सगळे! पोती सोड बे सोमाजी, बाहेर!" आणि ज्या हमालांनी महिनाभर भोंग्यावर पोतं टाकलं होतं, ते खरंच धावले. केशवरावही धावले.

मी भोंगा बंद करून बाहेर आले, तर सगळे हसत होते, एकटे भैय्यालालजी सोडून. त्यांनी बादली खाली ठेवली.

"मालक, एक सांगाचं होतं. मले वास येत नाही. दोन-तीन वर्षं झाले."

अश्विन नुकताच शिडीवरून उतरून आला होता. केशवरावांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग भोंग्याकडे.

"आता सांगता का हे, भैय्यालाल?" ते म्हणाले. "बरं… नाक त्याचं, कान तुमचे. पण बॅटरी रोज तपासायची. आणि एकटं नाही राहायचं, रात्रीला सोमाजी सोबत राहील."

मग भैय्यालालजी खाटेखालची एक छोटी पिशवी सोडायला लागले. त्यांनी मूठ भरून माझ्या हातावर ठेवली.

"आता खरं सांगजो पोरी. हे चिन्नोर आहे. वास आहे का?"

मी हात नाकाशी नेला. साळीचा, ओल्या बांधाचा, माझ्या आईच्या चुलीचा वास.

"आहे बाबा. खूप आहे."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. माझ्या नाकानंच त्यांना तो आल्यासारखा.

अश्विन शेजारी येऊन उभा राहिला. केसांत टिनाची धूळ, हातात अजून तो पुठ्ठा. विचारायचं होतं ते त्याच्यानं विचारवलं नाही. पुठ्ठा काखेत धरून त्यानं पहिल्या दिवशीसारखी ओंजळ पुढे केली.

"वापस द्या…" तो हळूच म्हणाला.

मी मूठ मिटली.

"हे नाही देत जी."