पियूच्या पोटातली बेल

चंद्रावरच्या त्या वसाहतीत पियूच्या रडण्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. एवढासा दोन महिन्यांचा जीव, पण आवाज असा की शेजारीपाजारी चौकशी करून जात! बाटलीभर दूध संपवूनही ती मुठी चोखत रडायची. आई सौरवादळामुळे पलीकडच्या तळावर अडकली होती. तिचं दूध यंत्रगाडीने थंड डब्यातून येई. आणि रोज पडद्यावर पियूला रडताना पाहून आईही रडे.

पियूच्या थोरल्या बहिणीला, शाल्मलीला, ते बघवेना. "आप्पा, पोट भरलं तरी हिला भूक कशी?"

आप्पा म्हणजे तिचे आजोबा. पेशींचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"पोट भरणं वेगळं आणि ते मेंदूला कळणं वेगळं," ते म्हणाले. "आतड्यातल्या काही पेशींवर, बाहेरच्या बाजूला, ग्राही (ठरावीक रेणू ओळखणारी प्रथिनं) असतात. दारावरची बेलच म्हण ना. दुधातली मेदाम्लं (स्निग्ध पदार्थाचे घटक) ती बेल दाबतात. त्यांना आत यावंही लागत नाही! बेल वाजली की पेशी संप्रेरक (शरीरात निरोप नेणारं रसायन) सोडते. मग मेंदूला कळतं, आता पुरे."

"मग पियूची बेल का वाजत नाही?"

"दुधात मेदाम्लं तीन-तीनच्या जुड्यांत बांधलेली असतात. बांधलेल्या जुडीला बेल दाबता येत नाही. जुडी सोडवतं विकर (रेणू तोडणारं प्रथिन). तान्ह्या बाळाकडे ते कमी असतं, म्हणून आईच्या दुधातूनही येतं. फक्त फार तापलं की निकामी होतं."

शाल्मली गर्रकन घरातल्या यंत्रमानवाकडे वळली. "ठोकळ्या, तू पियूला दूध कसं देतोस?"

"उकळून, निववून. आप्पांची आज्ञा आहे, तापवल्याशिवाय दूध कुणाला द्यायचं नाही."

आप्पांनी कपाळावर हात मारला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! "अरे बाबा, ते डेअरीच्या दुधाबद्दल होतं!"

पुढची बाटली ठोकळ्याने नुसती कोमट पाण्यात धरली. पियू प्यायली, जरा कुरकुरली आणि आप्पांच्या खांद्यावर झोपून गेली.

"आप्पा, अशा अजून किती बेल असतील?" शाल्मली कुजबुजली.

"पुष्कळ. काही तर अजून कुणाला सापडल्याच नाहीत."

"मग मी शोधीन."

तेवढ्यात पडदा उजळला. "पियूचा आवाज का येत नाही? शाल्मली, बोल ना गं!" आई घाबरून गेली होती.

शाल्मलीने कॅमेरा आप्पांच्या खांद्याकडे वळवला. "पोट भरलंय तिचं, आई."

आई त्याही दिवशी रडली. शाल्मलीने तिला रडू दिलं.