शेवटची चार पानं

ऑक्टोबरची दुपार होती आणि मी कॉलेजच्या लायब्ररीत फक्त पंख्याखाली बसायला गेले होते.

"ए मुली, इंग्रजी वाचता येतं का?" काउंटरवरून लायब्ररीचे शिपाई रावसाहेब म्हणाले.

"मी कॉमर्सची आहे."

"शाखा नाही विचारली. वाचता येतं का?"

"येतं."

"मग त्याला वाचून दाखव. त्याची रोजची मुलगी आली नाही, आणि माझं जेवण राहिलंय."

कोपऱ्यातल्या टेबलावर घडी केलेली पांढरी काठी होती आणि झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा. त्यामागे तो बसला होता — बाह्या नीट दुमडलेल्या, मान किंचित तिरकी. मी खुर्ची ओढली तेव्हा तो हसला, पण माझ्या डाव्या खांद्याकडे बघून. मी नकळत डावीकडे सरकले. त्याच्या हसण्यासमोर यावं म्हणून... असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं.

"प्रज्ञेश. टीवाय, इंग्लिश स्पेशल. पान एकतीस."

"कल्याणी. एसवाय."

मी वाचायला लागले. मोठ्या शब्दांशी अडखळत, स्वल्पविरामांवर दम घेत.

"तुमचं वाचन म्हणजे पीएमटी आहे," तो थोड्या वेळानं म्हणाला. "प्रत्येक स्टॉपला थांबते."

"उतरायचं असेल तर उतरा."

"पास काढलाय आता."

दुसऱ्या दिवशी त्याची रोजची मुलगी आली होती. तरी त्यानं रावसाहेबांना विचारलं म्हणे — पीएमटी आली का?

त्याला अभ्यासाला तीन कादंबऱ्या होत्या. वाचून झालं की तो त्यावर चार विचार सांगायचा आणि मी वहीत उतरवायचे. ती वही त्यांच्या ऋचा मॅडम तपासायच्या. पहिल्या कादंबरीत एक श्रीमंत मुलगी आणि तिचं भलंमोठं घर. त्यावर त्यानं सांगितलं, "लिही. पहिली चाळीस पानं पडदे आणि फर्निचर. पण खुर्च्या नेमक्या कुठे आहेत ते लेखक सांगत नाही. मी त्या घरी गेलो असतो तर पहिल्याच पानावर आपटलो असतो." दुसरी युद्धावरची. "शिपाई मरणार हे सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे उरलेलं निवांत ऐकता येतं." ऋचा मॅडमनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं होतं, 'असं कुणी लिहीत नाही. लिहीत राहा.'

"फोनला का नाही सांगत वाचायला?" मी एकदा विचारलं. "सगळ्यांचे वाचतात."

"ही झेरॉक्स बघितलीस? रावसाहेबांच्या पणजोबांनी काढलेली असणार. फोन दर ओळीला अडकतो." मग काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "आणि फोन मेलेला माणूस आणि मेथीची भाजी एकाच आवाजात वाचतो."

"आणि मी?"

"तुला मेथीचं जास्त वाईट वाटतं."

त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. आजोबांनी पोतं उचललं, वडिलांनी उचललं; प्रज्ञेशला एम.ए. करून वर्गात उभं राहून शिकवायचं होतं. त्यासाठी बी.ए.ला साठ टक्के हवे होते. हे तो रोज सांगायचा, आपण मीठ आणायचं लक्षात ठेवतो तसं.

तिसरी कादंबरी एका घड्याळजीची. त्याची नजर हळूहळू जाते. बायको त्याला वाचून दाखवते, हात धरून बाजारात नेते. प्रज्ञेश गंभीर होऊन ऐकायचा. "कादंबरीत आंधळा माणूस आला की एक तर तो साधू असतो, नाही तर शेवटी मरतो," तो म्हणाला. "हा काय करतो बघू."

शेवटची चार पानं उरली. मी नेहमीसारखी आधी डोळ्यांनी पुढे धावले... आणि थांबले.

घड्याळजीची बायको पाव आणायला जाते म्हणते. जाण्याआधी दुकानातली सगळी घड्याळं एकेक करून थांबवते, ती जाऊन किती वेळ झाला हे नवऱ्याला कळू नये म्हणून. तो बसून राहतो. काट्यांवरून बोटं फिरवत. बस. कादंबरी संपली.

"काय झालं?" प्रज्ञेशनं विचारलं. तो पुढे झुकला होता. खिडकीतलं ऊन त्याच्या पापण्यांवर होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं.

"काही नाही. पान चिकटलंय."

आणि मी वाचायला लागले — जे पानावर नव्हतं ते. बायको पाव घेऊन परत येते. पाव गरम आहे. ती घड्याळांना किल्ली देते. सगळी एकदम टिकटिक करू लागतात. माझ्या इंग्रजीत जेवढं बसलं तेवढं, तुटक तुटक. पानं मात्र बरोबर चार उलटली.

तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "आली परत."

"आली."

त्या दिवशी जिन्यावरून उतरताना त्यानं पहिल्यांदा माझं कोपर धरलं. जिना त्याला पाठ होता.

शेवटाबद्दल त्यानं वहीत काही लिहायला सांगितलं नाही; ते परीक्षेसाठी ठेवलंय म्हणाला. मी सांगणार होते. खरंच. उद्या, परवा, सबमिशन झालं की... पण त्यानं तो शेवट दोनदा पुन्हा वाचायला लावला, आणि मला तो आता पाठ झाला होता.

एप्रिलमध्ये त्याच्या परीक्षेला लेखनिक म्हणून मीच बसले. लेखनिक एक वर्ष तरी खालचा लागतो, तो सांगेल तेच लिहायचं, आपलं एक अक्षर घालायचं नाही. पर्यवेक्षकांनी हे दोन वेळा बजावलं. वेगळी खोली. आम्ही तिघंच.

प्रश्न चौथा, सोळा गुण : कादंबरीच्या शेवटाची चर्चा करा.

त्याचा चेहरा उजळला. तो सांगायला लागला. बायको परत येते. पाव, किल्ल्या, टिकटिक. मग म्हणाला, "पुढे लिही. संपूर्ण कादंबरीत लेखकाची वाक्यं लांबलचक आहेत. शेवटी मात्र ती अगदी छोटी होतात. कारण सुखाला फार शब्द लागत नाहीत."

माझं पेन थांबलं.

"लिहितेयस ना?"

खरा शेवट मला माहीत होता. तो लिहिला असता तर सोळापैकी बारा तरी मिळाले असते आणि त्याला कधी कळलंही नसतं. पण एकदा त्याला जे वाचून दाखवायचं होतं ते मी बदललं होतं. आता तो जे सांगत होता तेही बदलायचं? पर्यवेक्षक बघत होते. मी लिहिलं. माझ्या खोटेपणाचं कौतुक, माझ्याच अक्षरात, शब्द न् शब्द.

अठ्ठावन्न टक्के. त्यानं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि ऋचा मॅडमनी त्याला शेरा वाचून दाखवला : 'विद्यार्थ्याने कादंबरी वाचलेली नाही.' मग कादंबरीची शेवटची चार पानंही मॅडमनीच वाचून दाखवली. खरी.

त्यानं मला स्वारगेटला बोलावलं, बसस्टॉपवर. माणसं चढत-उतरत होती, कंडक्टर ओरडत होते, आणि तो अगदी हळू बोलत होता.

"वाक्यं छोटी का झाली ते आत्ता कळलं."

"मला तुला दुखवायचं नव्हतं."

"दुखलं असतं तर माझं दुखलं असतं ना, कल्याणी. तेही तूच वापरून टाकलंस." त्यानं काठी उघडली. "सिग्नल लाल आहे असं कुणी म्हटलं की मी थांबतो. माझं सगळं त्यावर चालतं. तू वाईट बातमी लपवली नाहीस. तू मला रस्त्याच्या मधोमध उभं केलंस आणि म्हणालीस, हिरवा आहे."

त्याची बस आली. मी नंबर सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यानं शेजारच्या बाईंना विचारलं होतं.

एम.ए.च्या यादीत तो नव्हता. खराडीतल्या एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी त्यानं धरली. पुढचे सात महिने मी लायब्ररीत गेले नाही. रावसाहेब एकदा गेटवर भेटले तर म्हणाले, "पंखा चालू आहे अजून." एवढंच.

मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"झेरॉक्स आहे अजून?"

"आहे."

"घेऊन ये."

सारसबागेत, वर्दळीकडे पाठ केलेल्या बाकावर मी ती चार पानं वाचली. पहिल्यांदा, मोठ्यानं, जशी होती तशी. लांबलचक वाक्यं. मध्ये दोनदा मी अडले, तो वाट बघत थांबला. का अडले ते त्यानं विचारलं नाही.

"निघून गेली," तो म्हणाला.

"हो."

"घड्याळं थांबवून."

"हो."

"तू गेलीस तर सांगून जा. घड्याळं चालू ठेव."

"मी जाणार नाहीये."

त्यानं मान तिरकी केली. "हे पानावर आहे, की तुझ्या मनचं?"

"मनचं."

"मग चालेल," तो म्हणाला, आणि हात पुढे केला. या वेळी बरोबर माझ्याकडे.

लग्नात त्यानं एकच अट घातली. दूध नासलं, पगार उशिरा झाला, कुणी रस्त्यात त्याच्याकडे बघून च्‌च् केलं — जसं आहे तसं सांगायचं. चार वर्षं मी तसंच सांगत आले. लोकांना ते कोरडं वाटतं. आमच्या घरात प्रेम असंच बोलतं.

आमची अवनी आता आठ महिन्यांची आहे. खुळखुळा वाजवला की ती आवाजाकडे वळते. माझ्या चेहऱ्याकडे वळत नाही. तिचे डोळे भिरभिरतात, कुठेच टेकत नाहीत. हे मी त्याला चौथ्या महिन्यात सांगितलं, ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्याच दिवशी. त्यानं अवनीला उचलून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या आईनं सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं."

मग तपासण्या झाल्या. लॅबमध्ये रिपोर्टसाठी नंबर मागितला तेव्हा त्यानं माझा दिला. त्याचा फोन आता पीडीएफ झरझर वाचतो, एकदाही अडकत नाही. तरी माझा.

काल दुपारी रिपोर्ट आला. अवनी त्याच्या मांडीवर, बाहेर कुणीतरी भंगार मागत होतं. मी आधी डोळ्यांनी धावले नाही. या खेपेला नाही. पहिल्या ओळीपासून त्याच्याबरोबरच वाचलं — तिचं नाव, वय, तारीख. उजवा डोळा. पडद्याचा प्रतिसाद नोंदवता आला नाही. डावा डोळा. प्रतिसाद नोंदवता आला नाही. वडिलांच्या आजाराशी सुसंगत. इंग्रजीच होतं, आणि मी कुठेच अडखळले नाही. स्टॉप न घेता गेले. मला थांबायचं होतं... थांबले नाही.

"पुढे?"

"पुढे डॉक्टरांची सही आहे."

"त्याच्या पुढे?"

"कोरं आहे."

तो हलला नाही. अवनीच्या टाळूवर त्याची हनुवटी टेकलेली होती. बाहेरचा भंगारवाला पुढच्या गल्लीत गेला.

"पान चिकटलं नाही ना?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात हसू नव्हतं, पण ते जिथे असायचं ती जागा होती.

"नाही."

"बरं." मग तो उठला. अवनीला कडेवर घेऊन तिचा तळवा भिंतीवर ठेवला. "ही भिंत." दोन पावलं. "हा दरवाजा. बाहेरच्या बाजूला उघडतो." आणखी तीन पावलं, माझ्यापर्यंत. तिची इवलीशी बोटं त्यानं माझ्या गालावर टेकवली, आणि क्षणभर तिथेच धरून ठेवली.

"ही आई," तो तिला म्हणाला. "आई रडतेय."

मी नाही म्हटलं नाही.